मागच्यांना पुसणारी लेन्स

सकाळचे सव्वानऊ. औरंगाबादच्या जुन्या बाजारातल्या या बोळात समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ऊन उतरून ओट्यावर येतं ते या वेळी. निजामुद्दीन त्याआधीच येऊन बसलेले असतात. पुढ्यात पांढरं फडकं, फडक्यावर सहा-सात जुन्या लेन्स, दोन्ही बाजूंची झाकणं काढून काच उन्हाकडे केलेली. कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती कडेकडून मध्याकडे सरकते. ऊन दाखवलं की मरते, काचेवरचा तिचा ओरखडा मात्र राहतो. थोड्या वेळाने निजामुद्दीन एकेक लेन्स उलटी करतात. त्यांचं वय बहात्तर. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, उजव्याचं ते टाळत आले आहेत.

या सगळ्या लेन्स हाताने फोकस करायच्या आहेत. आत मोटार नाही, तार नाही. काच, पितळ आणि एक फिरणारी रिंग. मराठवाड्यातल्या बंद पडलेल्या स्टुडिओंमधून त्या येतात. मालक वारतो, मुलगा मोबाइलचं दुकान टाकतो आणि लेन्स कॅमेऱ्याच्या चामडी पेटीसकट भंगारात निघतात. निजामुद्दीन त्या उघडतात, पुसतात, सुकलेलं ग्रीस काढून नवीन भरतात. एक-दोन वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलंमुली त्या घेऊन जातात. नव्या कॅमेऱ्याला साजेशी आपोआप फोकस करणारी लेन्स या मुलांना परवडत नाही. जुनी लेन्स आणि ती बसवायची आट्यांची कडी मिळून तिच्या दहाव्या हिश्शात येते. पण स्वस्ताई हेच एक कारण नसतं. रिंग हळूहळू फिरवत जावी आणि धुरकट चित्रातून एक चेहरा वर यावा, याची सवय लागते. नव्या लेन्समध्ये काय स्पष्ट दिसावं ते यंत्र ठरवतं. इथे ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि काय स्पष्ट दिसू नये हेही.

त्या दिवशी ओट्याशी राहत नावाची मुलगी उभी होती. वय सव्वीस, लग्नांचे फोटो काढते, त्यातही बायकांच्या मांडवातले. पुरुष फोटोग्राफर नको म्हणणारी घरं तिला बोलावतात.

"चच्चा, वो रशियावाली दिखाव ना, अट्ठावनवाली."

"कायकू?"

"पीछे का सब मख्खन हो जाता बोलते."

"मख्खन नै होता. पीछे लोगां रहते," निजामुद्दीन म्हणाले. पण लेन्स त्यांनी दिली.

अठ्ठावन्न मिलिमीटरची ही रशियन लेन्स सत्तर-ऐंशीच्या दशकात त्याच देशाच्या कॅमेऱ्याबरोबर इथे यायची. जपानी लेन्सपुढे ती गरिबाची म्हणून ओळखली जायची. तिचं छिद्र पूर्ण उघडलं की समोरचा माणूस धारदार येतो आणि त्याच्या मागचं सगळं भोवऱ्यातल्या पाण्यासारखं गोल फिरत विरघळतं. आज तरुणांना वेड लावते ती हीच गोष्ट.

राहतने ती आपल्या कॅमेऱ्याला लावली. निजामुद्दीन यांनी दाढीचा आरसा तिच्या पुढ्यात धरला. "आरशात माझं तोंड पकड."

तिने रिंग फिरवली. तिच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे स्पष्ट असेल त्याच्या कडा लाल होतात. आरशात निजामुद्दीन यांच्या दाढीवर लाल रेघा उमटल्या. आरशाच्या चौकटीवर उमटल्या नाहीत. चौकटीपलीकडे, मागच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यांवर मात्र उमटल्या.

"हे डबे कसे काय लाल झाले? मी तर आरशावर फोकस केला."

"आरशावर नै केला. आरशातलं तोंड आरशावर नसतंय. मी आरशापासून जेवढा लांब, तेवढंच ते आरशाच्या मागं असतंय. फोकस तिकडं जातो. तिथं कोण बसलंय ते बघायचं."

"इतना हिसाब कौन देखता, चच्चा?" राहत हसली.

निजामुद्दीन यांनी लेन्स परत मागितली आणि उन्हात ठेवली. आत अजून बुरशीचा एक धागा आहे, म्हणाले. उद्या ये.

हा हिशोब त्यांना स्वतःला १९८९ सालच्या रमजानमध्ये कळला. तोवर लग्नांचे फोटो काढण्यात त्यांची बारा-तेरा वर्षं गेली होती.

त्या काळात जुन्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. आजचं दुकान म्हणजे त्या स्टुडिओची डार्करूम, पुढचा भाग नंतर गेला. पैठण, कन्नड, पिशोर, करमाड, कुठल्याही गावच्या मुसलमान घरात लग्न निघालं की बोलावणं त्यांना यायचं. शहरात त्यांच्याहून भारी कॅमेरे असलेले फोटोग्राफर होते. बोलावणं यायचं ते एका वचनामुळे. नवरीशिवाय एकाही बाईचा चेहरा फोटोत ओळखू येणार नाही.

हे वचन रशियन लेन्सच्या जिवावर होतं. ज्या बायकांना फोटोत यायचं नाही, त्या नवरीच्या मागे बसल्या तरी चालत. त्यांना उठवावं लागत नसे, लग्नाची गर्दीही फोटोत दिसे. निजामुद्दीन लेन्सचं छिद्र पूर्ण उघडत, नवरीच्या पापणीवर फोकस करत आणि मागच्या पन्नास बायकांच्या राखाडी वाफा होत. लोक त्या लेन्सला 'परदेवाली' म्हणत. आधी निजामुद्दीन यांच्या पत्नी कमरुन्निसा मांडवात जात, बायकांना सांगत, "बैठो बैठो, कोई नै दिखते," आणि मग निजामुद्दीन मान खाली घालून आत येत. रंगीत रोल धुवायला लॅबमध्ये द्यावा लागे आणि तिथे परकी माणसं असत. म्हणून ते काळ्या-पांढऱ्या रोलवरच काम करत आणि रोल स्वतः धुवत.

वचनाला एक पोटनियम होता. नवरी एकदम वाकली, रिंग अर्धा केस चुकली, तर फोकस मागच्या एखादीवर जाऊन बसे. अशी चौकट निजामुद्दीन लपवत नसत. अल्बम द्यायला जाताना ती निगेटिव्ह सोबत नेत, घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर कात्रीने कापून काढत आणि जाळायला त्यांच्याच हातात देत. निगेटिव्ह कागदासारखी जळत नाही. आकसते, गोळा होते, घाण वास सोडते. त्या वासावर लोकांचा विश्वास होता.

१९८५ साली पिशोरला मुबारक मनियार यांच्या बहिणीचं लग्न झालं. तिथे अशी एकच चौकट निघाली. नवरीमागे बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी त्यात स्वच्छ आली होती. मुबारकचे चुलते कमरोद्दीन यांची मुलगी फहमिदा. कमरोद्दीन बांगड्यांचा धंदा करत, आठवडी बाजार फिरत. त्यांनी स्वतः काडी ओढली. "शाबास, निजामभाई," ते तेव्हा म्हणाले होते. "तुमसे डर नै लगता."

दोन वर्षांनी फहमिदाचं लग्न पैठणला झालं. सासरच्यांची अट होती, फोटोवाला नको. कमरोद्दीन यांना ती अट जड वाटली नाही.

एप्रिल १९८९. रमजान लागण्याआधी फहमिदा माहेरी जायला निघाली. पैठणहून एसटीने औरंगाबाद, तिथून गाडी बदलून कन्नडवरून पिशोर. सासऱ्यांनी तिला पैठणच्या स्टँडवर गाडीत बसवलं, एवढं चार लोकांनी पाहिलं. ती पिशोरला पोहोचली नाही. सासरी वाटलं माहेरी असेल. माहेरी वाटलं सासरच्यांनी रमजानसाठी ठेवून घेतली. दोन्ही घरांत फोन नव्हता. अर्धा रमजान असा गेला. ईदचे कपडे द्यायला कमरोद्दीन पैठणला गेले, तेव्हा दारातच त्यांना विचारलं गेलं, "अकेलेच आए? फहमिदा कू नै लाए?"

पोलिस ठाण्यात जमादाराने वय विचारलं, रंग विचारला, उंची विचारली. मग म्हणाला, "फोटो आणा. निमगोरी, मध्यम बांध्याची, अशा बायका स्टँडवर दिवसाला हजार उतरतात. फोटोबिगर काय हुडकायचं आम्ही?"

फोटो नव्हता. रेशन कार्डावर नाव होतं, तोंड नव्हतं. चौथीपर्यंतच्या शाळेत कुणी फोटो काढला नव्हता. कमरोद्दीन पोलिस ठाण्यातून थेट जुन्या बाजारात आले आणि स्टुडिओतल्या बाकावर बसले. रोजा होता, त्यामुळे पाणीही विचारता येईना.

"निजामभाई, मेरेकू मेरी बेटी का मूं होना," ते म्हणाले.

निजामुद्दीन यांनी पिशोरच्या लग्नाचा अल्बम आठवला. फहमिदा त्यात अकरा-बारा ठिकाणी होती. प्रत्येक ठिकाणी वाफ.

"वो एक था," कमरोद्दीन म्हणाले. काडी कुणी ओढली होती ते दोघांनाही ठाऊक होतं.

निजामुद्दीन निगेटिव्ह फेकत नसत. त्यांनी पिशोरच्या लग्नाचे सगळे रोल काढले आणि दिव्याच्या काचेवर भिंगाखाली धरले. आयुष्यभर जी चूक टाळली ती ते आता शोधत होते. एखादी चौकट, जिथे हात हलला असेल, रिंग सरकली असेल, नवरी धूसर झाली असेल. सापडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तेव्हाही नाही. त्या लग्नात त्यांचा हात एकदाच चुकला होता.

कमरुन्निसा दुपारी डार्करूमच्या दाराशी आल्या. आत न येता त्यांनी विचारलं, "जलवेके देखे?"

मुसलमान लग्नात जलवा ही रस्म असते. नवरा-नवरीच्या डोक्यावरून एक ओढणी धरतात, पुढ्यात आरसा ठेवतात आणि नवरा नवरीचा चेहरा पहिल्यांदा त्या आरशात पाहतो. निजामुद्दीन हा फोटो नवऱ्याच्या खांद्यावरून घेत. प्रिंट काढताना फक्त आरसा तेवढा मोठा करत, भोवतीची चौकट कापून टाकत. आरसा म्हणजे पूर्ण फोटो, अशीच लोकांची मागणी असे. रोल पाहतानाही त्यांनी त्या चौकटी ओलांडल्या होत्या.

"जलवे में आईनाच रहता," ते म्हणाले.

"आईने के सामने फहमिदा बैठी थी. मिस्री की थाली लेके. मैंनेच बिठाई."

निजामुद्दीन यांचा हात तेव्हा टेबलावरच्या लेन्सवर होता. त्यांनी रिंग फिरवून पाहिली. जलव्याच्या वेळी रिंग नेहमी जास्त फिरवावी लागते, हे त्यांच्या बोटांना बारा वर्षं माहीत होतं. डोक्याने कधी विचारलं नव्हतं. आरसा हातभर पुढे असतो आणि रिंग दोन हातांचं अंतर दाखवते. म्हणजे फोकस आरशाच्या पलीकडे जातो. म्हणजे आरशापलीकडे हातभर अंतरावर जी बसली असेल, ती नवरीइतकीच स्वच्छ येते. प्रत्येक लग्नात आली असणार. कापून टाकलेल्या कडांमध्ये त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी जलव्याची चौकट एन्लार्जरला लावली आणि पहिल्यांदा ती न कापता उघडली. मध्ये आरसा, आरशात नवरी. आरशाच्या वर, खडीसाखरेची थाळी हातात धरलेली फहमिदा. पापण्या मोजता येतील इतकी स्वच्छ. नवऱ्याने आरशात पाहून काहीतरी केलं असावं, कारण ती तोंड उघडं टाकून हसत होती. पुढचा एक दात कोपऱ्यातून तुटलेला होता. तिच्या गालाला गाल लावून एक बाई हसत होती, ती मुबारकची आई. तिचा अर्धा चेहरा ओढणीत होता. बाहेर होता एक कान आणि त्यातला मोठा झुमका.

निजामुद्दीन यांनी फहमिदाचा चेहरा वेगळा काढायचा प्रयत्न केला. दोन डोकी एकमेकींना टेकलेली होती. फहमिदाची हनुवटी घेतली की तो कान येत होता. कान काळ्या शाईने झाकता आला असता. त्याला वेळ लागला असता, आणि कमरोद्दीन पुन्हा बाहेर बाकावर येऊन बसले होते. निजामुद्दीन यांनी कानासकट तीस प्रिंट काढल्या.

कमरोद्दीन यांनी पहिली प्रिंट ओली असतानाच हातात घेतली. बराच वेळ पाहिली. "दात कब टूटा इसका?" त्यांनी विचारलं. बापाला ते माहीत नव्हतं.

जमादाराने फोटो उलटसुलट केला. "हरवलेल्या बाईचा असा फोटो? ही तर हसतीय. लोक म्हणतील, मजेत हाय." पण बोर्डाला लावला. बाकीच्यांतल्या बऱ्याच प्रिंट कमरोद्दीन यांनी स्टँडवर चिकटवल्या, कंडक्टरांना दिल्या, आणि एक आपल्या बांगड्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून लावली. बाजारात पेटी उघडली की फहमिदा हसताना दिसायची.

मुबारक आठवड्याच्या आत स्टुडिओत आला. उभ्यानेच बोलला.

"निजामभाई, बहन गई हमारी. मेरेकू दुख नै क्या? पर मेरी माँ का कान टांग दिए तुम बाजार में."

"सिर्फ कान है, मुबारकमियां. कोई क्या पहचानते?"

"मैं पहचाना ना! झुमका देखके हमारी गल्ली का पोट्टा भी पहचाना. स्टँड पे पंखे के नीचे मेरी माँ लटक रई. तुम बोले थे कोई नै दिखते."

निजामुद्दीन यांचं वचनच तसं होतं. स्टुडिओत उरलेल्या प्रिंटवरचा कान त्यांनी त्या दिवशी शाईने झाकला. गेलेल्या प्रिंट परत येणार नव्हत्या.

मुबारकने पिशोरला गेल्यावर आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो निजामुद्दीन यांना अखेर भोवला. हिच्या चेहऱ्याची चौकट निघाली, तशा बाकी घरांच्या किती आहेत याच्या कपाटात? प्रश्न चुकीचा नव्हता. प्रत्येक जलव्यात एक तरी होती.

ईदच्या आधीचा करमाडचा बाजार. ईद तोंडावर असल्याने बांगड्यांना गिऱ्हाईक होतं. कमरोद्दीन यांच्यापुढे बानाबाई बसल्या. धनगर घरातल्या, मेंढ्यांचा वाडा त्या उन्हाळ्यात करमाडच्या शिवारात होता. पुढे काय झालं ते निजामुद्दीन यांना कमरोद्दीन यांनी सांगितलं, आणि बानाबाईंनी ठाण्यातल्या जबाबात पुन्हा सांगितलं. दोन्हींत फरक नाही.

कमरोद्दीन यांनी बानाबाईंचा पंजा आपल्या हातात घेऊन अंगठा आत दाबला आणि बांगडी चढवायला लागले.

"सैल घाल रं बाबा. लोकर कातराया लागती मला. घट्ट बसली तर कातर हातात धरू का तुझी बांगडी?"

"सैल घातली तर मेंढी घेऊन जाईल, मावशे."

"जाऊंदे की. मेंढीला बी नवरा हाय." शेजारच्या बाया हसल्या. बानाबाईंचं लक्ष पेटीच्या झाकणाकडे गेलं. "आन ही कोन? लेक व्हय तुझी?"

"व्हय. हरवली. पाहिली का कुठं?"

बानाबाईंनी हात काढून घेतला नाही. पुढे वाकून पाहिलं. "ही तर आमच्या हिरीतली," त्या म्हणाल्या.

कमरोद्दीन यांनी झाकण त्यांच्याकडे आणखी वळवलं.

"नाय नाय, थांब," बानाबाई म्हणाल्या. "तोंड सुजल्यालं व्हतं तिचं, तोंडावरनं नाय म्हनत मी. पर दात बघ. ह्यो असाच तुटका. म्या जवळनं बघितला, तोंड उघडंच व्हतं. घोंगडीचा तुकडा म्याच टाकला वर."

बांगडी अजून मनगटाच्या अलीकडे होती. कमरोद्दीन यांनी ती आत सारली, दुसरी घेतली, तीही चढवली. मग पेटी बंद केली.

विहीर जालना रोडपासून आत, पडीक रानात होती. तळाला पाणी होतं. बानाबाईंच्या घरच्यांनी मेंढ्यांसाठी पोहरा सोडला तेव्हा प्रेत दिसलं. पोलिस आले, पंचनामा झाला, ओळख पटली नाही. वाट पाहून बेवारस म्हणून पुरलं. त्या वेळी कुणी फोटो काढला नाही. अंगावर जे होतं, त्याचे तुकडे ठाण्यात बांधून ठेवले होते, ते कमरोद्दीन यांनी ओळखले. पैठणहून पिशोरला निघालेली बाई जालना रोडवरच्या विहिरीपर्यंत कशी गेली, एकटी गेली की कुणाबरोबर, याचं उत्तर तेव्हा मिळालं नाही आणि नंतरही मिळालं नाही. कागदावर अपघाती मृत्यू आहे. बानाबाईंनी पुरलेली जागा दाखवली. कमरोद्दीन यांनी तिथे उभं राहून नमाज पढली.

ईदनंतर ते एकदाच जुन्या बाजारात आले. स्टँडवरून, ठाण्यातून, कंडक्टरांकडून जेवढ्या प्रिंट परत मिळाल्या तेवढ्या घेऊन आले होते. काहींवर चहा सांडला होता. एकीवर कुणीतरी पेनाने मिशा काढल्या होत्या. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"निगेटिव्ह दो."

"कमरोद्दीनभाई, एक तो रखो घर में."

"नक्को. कायदा तुम्हाराच है."

निजामुद्दीन यांनी चौकट कात्रीने कापून दिली. कमरोद्दीन यांनी काडी ओढली. दुसऱ्यांदा तोच वास आला. प्रिंट मात्र कागदाच्या होत्या, त्या नीट जळल्या. कमरोद्दीन पुढे सात-आठ वर्षं जगले. बाजार करत राहिले, फक्त करमाडचा सोडून.

फहमिदाचा चेहरा आता कुठेही नाही. पिशोरला मुबारकच्या घरी बहिणीच्या लग्नाचा अल्बम आहे. त्यात नवरीच्या उजव्या खांद्यामागे एक फिकट गोल डाग आहे. ती फहमिदा, असं माहीत असलेली माणसं सांगतात.

त्या मोसमात निजामुद्दीन यांना एका लग्नाचं बोलावणं आलं. पुढच्या मोसमात एकही नाही. कपाटातल्या निगेटिव्ह परत मागायला गावोगावची माणसं आली. त्यांनी ज्याच्या त्याला देऊन टाकल्या आणि कपाट रिकामं केलं. मग पासपोर्ट फोटो, मग मतदार ओळखपत्रांचं काम, मग स्टुडिओचा पुढचा भाग विकला. लेन्स दुरुस्त करणं तेवढं हातात उरलं. कमरुन्निसा आठ वर्षांपूर्वी वारल्या. तिने तो प्रश्न विचारला नसता तर मी पाहिलंच नसतं, असं निजामुद्दीन सांगतात. हे ते चांगलं म्हणून सांगतात की वाईट म्हणून, ते कळत नाही.

राहत लांब गेली नव्हती. बोळाच्या तोंडाशी चहा पिऊन ती परत आली. तिला लेन्स आजच हवी होती. रविवारी पैठणला लग्न आहे. घरच्यांनी बजावलंय, मागच्या बायकांची तोंडं ओळखू यायला नकोत.

"आज नै," निजामुद्दीन म्हणाले. "बुरशी ठेवून दिली तर पुढच्या पावसात परत धरती."

त्यांनी लेन्स उचलून घेतली. खणातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि रिंगवर एका जागी बारीक ठिपका दिला.

"ये क्या?"

"जलव्याला रिंग इथं येते. इथं आली की नवरीला सोड आन आरशाच्या मागं बघ. कोण बसलीय ते बघ."

"और बैठी रही तो? हटाऊं?"

"उसकू पूछ."

"क्या पूछूं?"

"रहना है क्या, पूछ."

"घरवाले चिल्लाए तो?"

निजामुद्दीन यांनी खांदे उडवले. ठिपक्यावर फुंकर मारली, लेन्स परत फडक्यावर ठेवली, काच वर करून.

उद्या शुक्रवार. नमाजामुळे दुकान साडेबारापर्यंतच उघडं असतं. सव्वानऊला ऊन ओट्यावर येईल, आणि अकराच्या सुमाराला समोरच्या पाण्याच्या टाकीची सावली ते परत घेऊन जाईल. राहतला त्यानंतर, साडेबाराच्या आत यावं लागेल.